घडीच्या टेबलाखालची पाचर

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत सुतारकामाला वेगळी जागा नसल्यामुळे रविवारी सकाळी मी घडीचे टेबल घेऊन मागच्या आवारात उतरतो. तिथले पेव्हर ब्लॉक काही ठिकाणी खचलेले आहेत, काही ठिकाणी उचलले गेले आहेत, आणि सगळे आवारच गटाराच्या बाजूला उतरते आहे. मागच्या महिन्यात फळी कापता कापता टेबल एका पायावरून दुसऱ्यावर कलले, करवत रेघ सोडून गेली आणि सागाची चांगली फळी वाया गेली.

तोवर मी पाणसळ ठेवून टेबल समतल करण्याच्याच मागे लागलेलो होतो. वास्तविक टेबल थोडे कलते असले तरी बिघडत नाही, कारण काटकोन तपासायचा गुण्या लाकडाला लावायचा असतो, जमिनीला नव्हे. ते डुगडुगता मात्र कामा नये. तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टोके कशाही जमिनीवर एकाच वेळी टेकतात, पण तिच्या कडेवर भार आला की ती चटकन उलटते. म्हणून चार पाय हवेत, आणि चौथ्याची सोय आपण करायची.

सलग मातीवर चौरस, सारख्या पायांचे टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवले, तर पाव फेरीच्या आत बहुधा चारही पाय टेकतात. ब्लॉकच्या पायऱ्यांवर याची खात्री नाही. तिथे पाचरच लागते. माझी पाचर १० सेंटीमीटर लांब आणि जाड टोकाला १ सेंटीमीटर आहे, म्हणजे ती १ सेंटीमीटर आत सरकवली की पाय १ मिलिमीटर उचलला जातो. ती बोटानेच सारावी, कारण हातोडीने ठोकली की तो पाय गरजेपेक्षा वर जातो आणि शेजारचा पाय अधांतरी होतो, हे समजायला मला दोन रविवार लागले. पाचर घसरू नये म्हणून तिच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे.

रंधा मारताना जोर आडवा लागतो, म्हणून टेबलाची लांब बाजू त्या दिशेला ठेवून पुढचे दोन पाय कुंपणभिंतीला टेकवतो, आणि खालच्या आडव्या पट्टीला वाळूची गोणी बांधतो. पावसाळ्यात ओल्या मातीवर पाय रुततात. तेव्हा प्रत्येक जोडीखाली एकेक फळी टाकली की भार पसरतो.

काम संपल्यावर पाचरी उचलायला विसरलो, तर वॉचमनकाका त्या गेट अडवायला घेऊन जातात. चारांपैकी दोन सध्या तिथेच आहेत.