आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि फोर बाय फोर

मारुतीची जिप्सी अजून शोरूमला मिळायची तेव्हा नाशिकच्या अंबडला भाड्याच्या गाळ्यात गॅरेजची सुरुवात केली. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे स्पेशालिस्ट वगैरे काही डोक्यात नव्हतं, दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांच्या जुन्या जीपा यायच्या, महिंद्राच्या एमएम ५४०, ५५०, स्प्रिंगचे पाटे बदला, क्लच प्लेट टाका, संपला विषय. पण काळी माती पावसात काय करते ते या जीपांनीच शिकवलं, टायरच्या नक्षीत एकदा गच्च बसली की मग दोन चाकं फिरवा नाहीतर चार, गाडी जागची हलत नाही. आम्ही मड टायर टाका, हवा 18-20 पीएसआयवर आणा, पण डांबरीवर आलात की परत भरा असं सांगायला लागलो आणि तिथून लोक नुसतं विचारायलाही यायला लागले.

विचारायचं काय तर एकच, "भाऊ, भारी कोणती?"

2 ऑक्टोबर 2020 ला महिंद्राची नवी थार आली, बनते आपल्या नाशकातच, त्यामुळे गावाला जरा जास्तच कौतुक, आणि धंदा खरा तिथून फिरला. मग 2021 ला फोर्सची नवी गुरखा, 2023 ला मारुतीची पाच दारांची जिम्नी. तिन्ही गाड्या हरसूलकडच्या एकाच आडव्या चरीत तिरक्या घालून बघितल्यात, फरक तिथेच कळतो, म्हणजे एक चाक हवेत गेल्यावर. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात, त्यामुळे पुढचं चाक लवकर उचलतं, पण मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ असलेलं व्हेरियंट असेल (डिफ म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर, लॉक लागला की दोन्ही एकत्र फिरतात) तर ते लॉक आपोआप लागतं, फक्त चाक जरा फिरू द्यावं लागतं. नवीन माणूस चाक फिरलं की घाबरून पाय काढतो, तिथेच फसतो. गुरखाला पुढे-मागे दोन्ही सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकं एकाच अखंड दांड्यावर, आणि दोन्ही डिफला हाताने लावायचे लॉक, फसायच्या आधी लावा आणि आयडलवर चालत निघा. पुढचा लॉक लागलेला असताना वळवायला जाऊ नका, स्टेअरिंग दगड होतं. जिम्नीला लॉक नाही, ती मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरते, कटकट आवाज येतो, लोकांना वाटतं काहीतरी मोडलं. काही मोडलेलं नसतं, अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवा, निघते.

चिखलात मात्र गणित उलटं. जिम्नी साधारण 1200 किलो, थार त्याहून बरीच जड, जिप्सी तर टनाच्या आतली. लॉक नसलेली, पाट्यांवर कंबर मोडणारी जिप्सी मऊ गाळावरून जिथून निघून जाते तिथून जड गाडी टोचन करून काढलीय आम्ही. उलट घाटातल्या दगडी पायरीवर जिम्नीचं पोट टेकतं, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2590 मिमी आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची उंची, 210, थारचे 2450 आणि 226. म्हणून आता कोणी भारी कोणती विचारलं की आम्ही आधी जमीन कुठली ते विचारतो. पेठ-सुरगाण्याला जाणार की बागेत, नुसतं शनिवार-रविवार भावली धरणापर्यंत जायचं असेल तर टू व्हील ड्राइव्ह घ्या आणि पैसे वाचवा असंही सांगतो, शोरूमवाले आमच्यावर खूश नसतात.

पोट भरतं ते दोन कामांवर. एक, कोरड्या डांबरीवर फोर हाय (चारही चाकांची ताकद) लावून त्र्यंबकला जाऊन आलेल्या गाड्या, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वेगवेगळं फिरू देणारा सेंटर डिफ नसतो त्यामुळे वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. दुसरं, पाणी. थारची वेडिंग डेप्थ, म्हणजे किती खोल पाण्यातून जाऊ शकते ती, 650 मिमी लिहिलीय, पण जुलैत इगतपुरीकडचा ओढा काय पट्टी लावून वाहत नाही. गरम डिफ एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आखडते, ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) किंवा सील कच्चं असेल तर पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी ड्रेन प्लग उघडला की ऑइल ताकासारखं पांढरं येतं. ते तसंच चालवलं तर बेअरिंग जातं, मग बिल बघून आमच्याशीच भांडण.

गाडी उंच करणारे लिफ्ट किट, मोठे टायर ही कामं मधे चांगली चालली होती. 2019 ला सुप्रीम कोर्टाचा मॉडिफिकेशनवरचा निकाल आला तेव्हापासून बरीचशी सोडली, गिऱ्हाईक तुटलं काही, पण आरसीच्या कागदात न बसणारी गाडी आपल्या गाळ्यातून नको. त्याच जागेवर आता धुलाईचा रॅम्प केलाय, खालून प्रेशरने चिखल काढल्याशिवाय गाडी लिफ्टवर चढवत नाही. पावसाळ्यात रांग असते, सोमवारी तर विचारू नका, बुधवारनंतर या.