दार कुठे अडतं ते आधी पाहा

समानतेचं काम हाती घेतलं की बहुतेक संस्था माणसांच्या मनापासून सुरुवात करतात. दोन तासांचं प्रशिक्षण, भिंतीवर पोस्टर, वर्षातून एक दिवस कार्यक्रम. मन बदलायला वेळ लागतो, आणि ते बदललं की नाही हे कळायला सोपा मार्ग नाही. कामाची पद्धत मात्र सोमवारपासून बदलता येते. म्हणून माझा आग्रह असा, की कोण नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधावं आणि तिथली रचना बदलावी.

वर्गाचंच घ्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा हा वेळ सरासरी एक सेकंद भरला. एका सेकंदात कुणाचा हात वर होतो? ज्याची घरची आणि शाळेची भाषा एकच आहे, ज्याला चुकायची भीती नाही, त्याचा. दुसऱ्या भाषेत विचार करून उत्तर जुळवणारं, अडखळत बोलणारं, हसतील म्हणून वाक्य मनात घोळवून पाहणारं मूल तोवर मागे पडलेलं असतं. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली, असं रो यांना दिसलं.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चाळीस मुलांसमोर ती शांतता सोसणं फार जड जातं. मनात आकडे मोजा. प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग ‘सुटलो’ म्हणून विचार करणं थांबवतो. उत्तर आल्यावर लगेच ‘शाब्बास’ म्हणू नका, पुन्हा तेवढंच थांबा. उत्तराचा चांगला भाग पुष्कळदा त्यानंतर येतो. आठवडाभर हजेरीच्या यादीवर बोललेल्या मुलापुढे एकेक खूण करत जा. कोरी राहिलेली नावं शनिवारी वाचून काढली की वर्गात कोण असून नसल्यासारखं आहे ते आपोआप समजतं. मात्र त्या मुलांना उभं करून बोलायला लावणं ही दुसरी चूक. आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वर्गाला सांगू द्या.

नोकरीच्या ठिकाणी दार अडतं ते मुलाखतीत, आणि त्याआधी अर्जावरच्या नावात. बॉस्टन आणि शिकागो इथल्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक बायोडेटा पाठवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच, पण ज्यांवर गोऱ्या लोकांत रूढ असलेली नावं होती त्यांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. नाव, फोटो, वय झाकून पहिली चाळणी करणं म्हणूनच उपयोगाचं. पण ते झाकण मुलाखतीच्या दिवशी निघतं, त्यामुळे खरं काम मुलाखतीचंच आहे.

अर्ज उघडण्याआधी कामाला लागणारे चार-पाच गुण लिहून काढा. प्रत्येकावर एक-दोन प्रश्न ठरवा आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. १ ते ५ गुण द्यायचे असतील, तर २ चं उत्तर कसं असतं आणि ४ चं कसं, हे दोन ओळींत आधीच लिहा. हा भाग सगळे टाळतात, आणि तो टाळला की आकडे म्हणजे नुसती आवडनिवड उरते. प्रत्येकाने स्वतःचे गुण कागदावर मांडल्याशिवाय चर्चा सुरू करू नये. नाहीतर वरिष्ठ बोलले की बाकीच्यांचे पेन त्याच दिशेने वळतात. ‘हा आपल्यात बसेल असं वाटत नाही’ हे वाक्य आलं की विचारा, कोणत्या गुणात कमी पडला? उत्तर देता आलं नाही, तर ते वाक्य निर्णयात धरायचं नाही.

रॅम्पबद्दल थोडक्यात, कारण तिथे चुका नेहमीच्याच आहेत. १ एककाच्या उंचीला निदान १२ एकक लांबी लागते. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंटिमीटर उंची, म्हणजे ३.६ मीटर रॅम्प. जागा नाही म्हणून तो दीड मीटरमध्ये उरकला, तर व्हीलचेअर ढकलणाराही दमतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. वरच्या टोकाला दारापाशी सुमारे दीड मीटर सपाट जागा हवी. ती नसली तर उतारावर चाकं रोखून एका हाताने दार ओढायचं, हे जमत नाही. चकचकीत फरशी नको. आणि अपंगांच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवणं बंद करा; त्या हलवून कुणीतरी किल्ली आणेपर्यंत ताटकळलेल्या माणसाचा मान कसा राहणार?

तक्रारीची व्यवस्था असेल तर तक्रार घेणाऱ्या दोन वेगळ्या व्यक्ती हव्यात, कारण एक जण नेमका तक्रारीचाच विषय असू शकतो. उत्तर किती दिवसांत मिळेल ते लेखी असावं. तक्रारीनंतर तीन आणि सहा महिन्यांनी त्या व्यक्तीचं काम, पाळ्या, बढती यांत काही बिघडलं का, ते कुणीतरी तपासावं. सूड बहुधा तिथेच उगवला जातो, आणि तो पाहून बाकीचे तोंड उघडत नाहीत.

सभांमधली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको’ असं वक्ता म्हणतो आणि लोक हसतात. ज्याला कमी ऐकू येतं तो त्या क्षणी सभेतून बाहेर पडलेला असतो, आणि ‘मला ऐकू येत नाही’ असं भर सभेत ओरडून तो सांगणार नाही. माईक प्रत्येकाने घ्यायचा. मागच्या रांगेतून प्रश्न आला आणि माईक पोचेना, तर व्यासपीठावरच्या माणसाने तो आधी माईकवर पूर्ण म्हणून दाखवायचा, आणि मगच उत्तर द्यायचं.