कड कापली, नंबर गेला

आज एका ग्रुपवर अंतराळवीर एड व्हाइटचा स्पेसवॉकचा फोटो फिरत होता. खाली ओळ: 'अपोलो, १९६९'.

अहो, जेमिनी ४ आहे तो, अपोलोच्या आधीची नासाची मोहीम! ३ जून १९६५. यानातून काढला त्याचा सहकारी जिम मॅकडिव्हिटने, हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर. व्हाइटच्या हातातली, अवकाशात सरकण्यासाठीची गॅसची बंदूक जरा झूम करून पाहा, तिच्यावर ३५ मिमीचा झाइस कॅमेरा बसवलाय. तिच्यातला गॅस काही मिनिटांतच संपला, मग सगळा कारभार दोरीच्या भरवशावर.

नासाच्या त्या काळच्या बऱ्याच प्रिंटांवर पांढऱ्या कडेत नंबर असतो. 'एस-६५' मधले ६५ म्हणजे वर्ष. आणि स्कॅन करणारे हौशी लोक नेमकी तीच कड 'स्वच्छ' करून टाकतात!

एखाद्या जुन्या इंजिनिअरचा अशा फोटोंचा गठ्ठा हाती आला, तर आधी पाकिटांचा क्रम लिहून घ्या. त्याने तो लावलाय, उगाच नाही. मग कडेसकट स्कॅन, ६०० डीपीआय, टिफ फाइलमध्ये, मागची बाजूही. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर तो डबा लगेच वेगळा ठेवा. फिल्मचं ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) सडतंय, शेजारच्या फिल्मलाही लागतं.