स्क्विडसाठी ३१ तास

काल रात्री स्क्विड नावाच्या एका मंद तेजोमेघाच्या फोटोचा शेवटचा स्टॅक, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेलं चित्र, पूर्ण झाला. १० मिनिटांची एक, अशा १८६ फ्रेम. म्हणजे ३१ तास, तेही फक्त ऑक्सिजन-३ च्या, म्हणजे ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश तेवढा सोडणाऱ्या, फिल्टरमधून. दोन मोसम गेले. आता स्क्रीनवर निळसर-हिरवा स्क्विड आहे, दोन्ही टोकांसकट, आणि सकाळपासून मी त्याच्याकडेच बघत बसलोय.

तारकासमूहांमध्ये शर्मिष्ठा आकाशात लगेच सापडते. तिच्या शेजारी तिचा बाप, वृषपर्वा, तो मात्र शोधावा लागतो. त्याच्या हद्दीत शार्पलेस १२९ नावाचा हायड्रोजनचा मोठा तेजोमेघ आहे, १९५९ च्या शार्पलेस यादीतला. त्याच्या ऐन मध्यावर पूर्ण चंद्राच्या दुपटीहून लांब असा स्क्विड पसरलाय, आणि २०११ पर्यंत तो कोणाच्याच नजरेला पडला नव्हता. निकोला उटर्स या फ्रेंच हौशी छायाचित्रकाराला तो सापडला, म्हणून त्याचं नाव ओयू ४. इतकी वर्षं तो लपला कसा? तो प्रकाशतो तो जवळजवळ सगळा ऑक्सिजनच्या रेषेत, म्हणजे प्रकाशाच्या एकाच ठरावीक रंगात, आणि तोही अतिशय मंद. हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेच्या, फिल्टरमधून पाहिलं तर तो नसल्यातच जमा.

ही ऑक्सिजनची रेषा ५००.७ नॅनोमीटरवर असते. तिचा इतिहास मला फार आवडतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर त्यात हिरव्या रेषा, पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या. पुढे 'नेब्युलियम' हे नवं मूलद्रव्य कल्पून झालं. १९२७ मध्ये आयरा बोवेननी दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. ही रेषा सोडायला त्या आयनाला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ निवांत राहावं लागतं. आपल्याभोवतीच्या दाट हवेत त्याआधीच धडका बसतात. तेजोमेघात मात्र तेवढी सवड मिळते.

माझा फिल्टर ३ नॅनोमीटरचा आहे, म्हणजे या रेषेभोवतीची तेवढीच अरुंद पट्टी सोडतो. दिव्यांचा बहुतेक उजेड तो अडवतो. चंद्रप्रकाशाचं तसं नाही. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच, सगळ्या रंगांचा, आणि हवेत तो निळ्या-हिरव्या भागात जास्त विखुरतो. म्हणून मी पंचांग पाहून रात्री वाटून घेतल्या: चंद्र असेल तेव्हा हायड्रोजन, नसेल तेव्हा ऑक्सिजन. ढग आले ते हटकून ऑक्सिजनच्या वाट्याच्या रात्री आले, त्यामुळेच दोन मोसम.

सुरुवातीला मी ३ मिनिटांचे एक्स्पोजर घेत होतो आणि इथे माझे बरेच तास वाया गेले. फिल्टर इतका अरुंद असला की आकाशाची पार्श्वभूमी फार काळी येते, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइज, म्हणजे प्रत्येक फ्रेम वाचताना तो घालतो ती खरखर, तिच्यावर चढून बसतो. १० मिनिटांवर गेल्यावर फरक पडला. तरी एका फ्रेममध्ये काहीही दिसत नाही, अगदी काहीही. चार तासांच्या स्टॅकमध्ये डाग आहे की भास, हे ठरेना. अकरा तासांनंतर दोन बाहू निघाले. सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खऱ्या प्रकाशाचं खरखरीशी गुणोत्तर, दुप्पट हवं तर वेळ चौपट द्यावा लागतो. हे सूत्र माहीत होतं, पण ते रात्रींच्या हिशेबात भोगणं वेगळं.

आणि मग अकरा तासांचा तो स्क्विड मीच पुसून टाकला. एका कोपऱ्यात उजेडाचा चढ होता, तो काढायला मी बॅकग्राउंड काढण्याचं टूल चालवलं आणि नमुन्याचे बिंदू भरगच्च, सगळीकडे टाकले. त्यातले कित्येक स्क्विडवरच पडले. सॉफ्टवेअरनं त्यालाच पार्श्वभूमी समजून वजा केलं. आठवडाभर मी फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम) पुन्हा घेतले, फिल्टर पुसला, फोकस तपासला. शेवटी टूलनं काय वजा केलं ते चित्र उघडून पाहिलं, तर त्यात स्क्विड, स्वच्छ. तेव्हापासून मी मोजके बिंदू हातानं ठेवतो, तेही तेजोमेघापासून लांब, आणि वजा झालेलं चित्र पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मंद तेजोमेघांच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, दुर्बिणीचं नंतर.

रंगासाठी हायड्रोजन लालमध्ये आणि ऑक्सिजन हिरव्या-निळ्यामध्ये घातलाय. हबलच्या १९९५ च्या प्रसिद्ध स्तंभांसारखी, गंधकाला लाल आणि हायड्रोजनला हिरवा देणारी मांडणी इथे मला पटत नाही. स्क्विडमध्ये जे आहे ते ऑक्सिजन आहे. तेच दिसावं.

मधोमध एचआर ८११९ हा तारा आहे, खरं तर तप्त, वजनदार ताऱ्यांची तिकडी. स्क्विड त्यांच्यातूनच उसळला असावा असं अभ्यासक मानतात. तो खरोखर १२९ च्या आत असेल, तर सुमारे २,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि ५० प्रकाशवर्षांहून लांब आहे.

आज चंद्र आहे, त्यामुळे ऑक्सिजनचा फिल्टर विश्रांतीला. हायड्रोजनचे माझ्याकडे सहाच तास जमलेत. आत्ताच आजची पहिली फ्रेम उतरली. १२९ ची लाल कड एकाच फ्रेममध्ये दिसतेय.