नमुना कोण घेतो आणि अहवाल कोणाला वाचून दाखवतो

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, गेलो होतो. कुड्या पाहत असताना दुकानदारांनी एका छोट्या हिऱ्याविषयी सहज सांगितले, की हा खडा कॅनडाच्या उत्तरेकडील खाणीतून आला असून त्याला पैलू मात्र सुरतेत पाडले आहेत. सारी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात आणि विद्यार्थ्यांबरोबर पंचगंगेच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेल्यामुळे ‘खाण’ हा शब्द कानावर पडला, की माझ्या मनात पहिला प्रश्न पाण्याचा येतो. घरी आल्यावर मी तिकडच्या हिऱ्यांच्या खाणींविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता अशा एका व्यवस्थेपाशी पोहोचलो, की जिच्याविषयी आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात यलोनाइफ या राजधानीच्या ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटरवर, लॅक द ग्रा या विस्तीर्ण सरोवराच्या परिसरात एकाटी नावाची हिऱ्यांची खाण आहे. तिथे झाडे उगवत नाहीत. खडक, शेवाळ, दगडफूल आणि हजारो तळी एवढाच तो मुलूख. अवजड सामान नेण्यासाठी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून रस्ता तयार करतात आणि तो वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने चालतो. ‘एकाटी’ हे नाव त्लीचो लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ ‘चरबीचे सरोवर’ असा आहे. लॅक द ग्रा या फ्रेंच नावाचा अर्थही तोच. ज्या लोकांनी त्या तळ्याला हे नाव दिले, ते त्लीचो, तसेच यलोनाइफ्स डेने, लुत्सेल के येथील डेने, मेटी आणि उत्तरेकडील किटिकमिओट भागातील इन्युइट हे सारे समाज पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबू नावाच्या रानटी रेनडिअरच्या कळपांवर जगत आले आहेत. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेली एकाटी ही कॅनडातील हिऱ्यांची पहिली खाण होय.

खाण सुरू होण्यापूर्वी या लोकांनी ‘आमच्या पाण्यावर लक्ष कोण ठेवणार’ हा प्रश्न इतक्या ठामपणे का विचारला, हे समजून घेण्यासाठी यलोनाइफच्या वेशीवरची जायंट ही सोन्याची खाण पाहावी लागते. ती १९४८ पासून २००४ पर्यंत चालली. तिथले सोने आर्सेनोपायराइट या खनिजात अडकलेले असल्यामुळे धातुक आधी भट्टीत भाजावे लागे आणि त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा अतिविषारी धूर बाहेर पडे. सुरुवातीच्या वर्षांत तो धूर जवळजवळ तसाच हवेत सोडला जात होता आणि ती धूळ बर्फावर बसत होती. डेने कुटुंबे पिण्यासाठी बर्फच वितळवत. १९५१ च्या वसंत ऋतूत जवळच्याच वस्तीतील दोन वर्षांचे एक बालक अशा पाण्यातील आर्सेनिकमुळे दगावले आणि कंपनीने त्या कुटुंबाला ७५० डॉलर दिले. पुढे धुरातली धूळ पकडून खाणीच्याच पोकळ्यांत साठवण्यात आली. आज तिथे जमिनीखाली सुमारे २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड पडून आहे आणि ते पाण्यात मिसळू नये म्हणून त्याच्याभोवतीची जमीन कायमची गोठवून ठेवण्याचे काम सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, पैशाने सुरू आहे. आर्सेनिकला चव नसते आणि वास नसतो. बर्फ पांढराशुभ्रच दिसत असणार. जे डोळ्यांना दिसत नाही ते कोणीतरी मोजावे लागते, आणि मोजणाऱ्यावर विश्वास नसेल तर मोजलेल्या आकड्यालाही किंमत राहत नाही, हे त्या समाजांना आपले मूल गमावून कळले होते.

म्हणून १९९६ साली कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाटीला तत्त्वतः मान्यता देताना कंपनीपुढे अट ठेवली, की स्थानिक समाजांशी लाभाचे करार आणि सरकारांशी पर्यावरणाचा करार करण्याच्या दिशेने साठ दिवसांत समाधानकारक प्रगती दिसली पाहिजे. जानेवारी १९९७ मध्ये बीएचपी ही कंपनी, कॅनडाचे केंद्र सरकार आणि वायव्य प्रदेशाचे सरकार यांच्यात पर्यावरण करार झाला आणि त्यातून स्वतंत्र पर्यावरण निरीक्षण संस्था जन्माला आली. तिचे सात संचालक असतात. चार संचालक मूलनिवासी समाजांच्या संघटना नेमतात. उरलेले तीन कंपनी आणि दोन्ही सरकारे मिळून, त्या समाजांचा सल्ला घेऊन नेमतात. खर्च कंपनीने द्यायचा असतो, पण कोणाला नेमायचे हे कंपनीने एकटीने ठरवायचे नसते. शिवाय एकदा नेमणूक झाली, की संचालकाने आपल्याला नेमणाऱ्याची वकिली करायची नसते.

मला या रचनेतले सर्वांत मोलाचे सूत्र हेच वाटते. आपल्याकडे ‘पैसे देणाऱ्याचेच अहवाल येणार’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. खाणीच्या परिणामांची तपासणी खाणीच्याच पैशाने व्हावी यात मला गैर काही दिसत नाही. उलट तो खर्च इतर कोणावर का पडावा? पैसा आणि नेमणूक या दोन गोष्टी वेगळ्या हातांत ठेवता येतात, हे तिथल्या लोकांनी करारात लिहून घेतले, आणि संस्थेच्या स्वातंत्र्याचा खरा आधार तोच आहे.

या संस्थेला खाण बंद करण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार नाही. पाण्याचा परवाना देण्याचे काम जमीन व जल मंडळाचे असते. कंपनीने तयार केलेल्या योजना आणि अहवाल तपासणे, त्यातील उणिवा दाखवणे, शिफारशी करणे, दरवर्षी सोप्या भाषेत वार्षिक अहवाल काढणे आणि गावोगावी जाऊन लोकांशी बोलणे एवढेच संस्थेचे काम असते. मात्र शिफारस मान्य नसेल, तर कंपनीने किंवा सरकारने नकाराची कारणे लेखी द्यायची असतात. अधिकार नसलेल्या संस्थेचा उपयोग काय, असे प्रथमदर्शनी मलाही वाटले होते. परंतु कारण लेखी द्यावे लागणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने एखाद्या कचेरीत महिनोन्‌महिने एकाच अर्जाच्या उत्तराची वाट पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे अधिक रमतो. हिरे वेगळे काढताना सोन्याच्या खाणीसारखे सायनाइड वापरावे लागत नाही. ज्यात हिरे असतात तो किंबर्लाइट खडक फोडून, धुऊन, हिऱ्याची जास्त घनता आणि क्ष-किरणांत त्याचे चमकणे यांच्या साह्याने तो निवडतात. त्यामुळे ‘हिऱ्याची खाण स्वच्छ असते’ असे म्हटले जाते. तरीही उरलेला गाळ कुठेतरी साठवावा लागतो आणि एकाटीत त्यासाठी लाँग लेक नावाचे एक अख्खे तळे बांध घालून वापरले गेले. त्यातून सोडलेले पाणी एकामागून एक लहान तळ्यांतून वाहत शेवटी लॅक द ग्रामध्ये जाते. खडक फोडण्यासाठी अमोनियम नायट्रेटची स्फोटके लागतात आणि न जळलेला अंश पाण्यात उतरून नायट्रेट वाढते. खाण जमिनीखाली खोल गेली तसे खोलवरचे खारे पाणी उपसावे लागले आणि क्लोराइड वाढले. आपल्या ओढ्यात हे आकडे कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते. पण उत्तरेकडची ती तळी पोषकद्रव्यांच्या बाबतीत इतकी निर्धन असतात, की थोड्याशा बदलानेही त्यातील शैवाल आणि सूक्ष्म प्राणी यांचे प्रमाण बदलू लागते, आणि मासे त्यांच्यावरच जगतात. क्लोराइडची विषारी मात्रा पाण्याच्या कठीणपणावर अवलंबून असते. पाणी जितके कठीण तितका जलचरांना त्याचा त्रास कमी. म्हणजे ‘किती क्लोराइड चालेल’ या साध्या प्रश्नाचे उत्तर एका गणितावर ठरते आणि ते गणित कंपनीचे शास्त्रज्ञ मांडतात. ते दुसऱ्या जाणत्या नजरेने तपासणे हे या संस्थेचे खरे काम. वस्तीवरच्या माणसाने ते समीकरण स्वतः सोडवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि त्याने ते डोळे झाकून मान्य करावे ही अपेक्षा तर त्याहून मोठा अन्याय आहे.

कॅरिबूंची गोष्ट याहून अवघड आहे. बाथर्स्ट कळपात १९८६ च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक जनावरे होती. २०२१ च्या गणनेत ती सहा हजारांच्या थोडी वर भरली. हा दोष एका खाणीच्या माथी मारता येणार नाही. हवामान, वणवे, लांडगे, शिकार आणि कळपांचे एकमेकांत मिसळणे अशी अनेक कारणे सांगितली जातात. खाणींच्या रस्त्यांवरची वर्दळ आणि दगडफुलांवर बसणारी धूळ ही त्यांपैकी एक बाब आहे. पण कळप शेकडो किलोमीटर चालतो आणि प्रत्येक खाण फक्त आपल्या आवारापुरते पाहते. एकाटीनंतर जवळच उघडलेल्या डायविक खाणीसाठीही २००१ मध्ये असेच वेगळे सल्लागार मंडळ नेमले गेले. सगळ्यांचा मिळून परिणाम किती, हे कोणा एकाच्या अहवालात मावत नाही. वृद्ध शिकारी जनावराच्या पाठीवरच्या चरबीवरून, यकृताच्या रंगावरून, वाट बदलण्यावरून जे सांगतात त्याची नोंद शास्त्रज्ञांच्या तक्त्यांशेजारी व्हावी, हा या संस्थेच्या कामाचा भाग आहे.

आपल्याकडे राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगडच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे सडे आहेत आणि त्यांतील बॉक्साइट अनेक वर्षे काढले गेले आहे. त्या सड्यांच्या कुशीत धनगरवाडे आहेत आणि त्यांचे झरे सड्यात मुरलेल्या पावसावर चालतात. आपल्या देशात २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पापूर्वी पर्यावरण आघात अहवाल होतो, त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. हे चांगलेच आहे. पण तो अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो, आणि परवानगी मिळाल्यावर अटी पाळल्याचा सहामाही अहवालही तोच स्वतः पाठवतो. धनगरवाड्याने नेमलेला एकही माणूस या साखळीत कुठे येत नाही. जनसुनावणी एका दिवसाची असते. खाण तीस वर्षांची.

या बाबतीत माझ्याही हातून एक चूक झाली आहे आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावाजवळ कोल्हापुरी बंधाऱ्यात मासे मरून वर आले होते. आम्ही नमुने घेतले, विरघळलेला प्राणवायू जवळपास संपलेला आढळला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रकल्प लिहिला, त्याला गुणही मिळाले. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो, तेव्हा बंधाऱ्यावर बसलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, “सर, गेल्या साली बाटल्या भरून पाणी नेलासा, पर त्यात काय निघालं ते आमास्नी कुणी सांगितलंच न्हाई.” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही निकाल गावच्या चावडीत मराठीतून वाचून दाखवू लागलो, आणि पहिल्याच वाचनात एका बाईंनी विचारले, की नमुना सकाळी घेतला होता की दुपारी, कारण पाण्याला फेस येतो तो पहाटे. तेव्हापासून आम्ही पहाटेचेही नमुने घेऊ लागलो.

एकाटीची मालकी या काळात बरीच बदलली. बीएचपीने २०१३ मध्ये ती डॉमिनियन डायमंडला विकली, २०२० मध्ये त्या कंपनीने न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितले, २०२१ मध्ये खाण नव्या कंपनीकडे आली आणि २०२३ मध्ये बर्गंडी या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती घेतली. पर्यावरणाचा करार मात्र प्रत्येक नव्या मालकावर बंधनकारक राहिला, कारण तो खाणीला बांधलेला आहे. शेवटचा हिरा निघाल्यावरही लाँग लेकमधला गाळ तिथेच असणार आहे, आणि म्हणून खाण बंद करून जमीन पूर्ववत करण्याच्या योजना व त्यासाठी मालकाने सरकारकडे ठेवायची अनामत रक्कम यांवर संस्था आपले मत मांडत आली आहे. पुतणीच्या कुड्यांमधला खडा एकाटीचा की डायविकचा, हे दुकानदारांच्या कागदावर नव्हते. राधानगरीच्या एका धनगरवाड्यावरच्या मंडळींशी मात्र मी बोललो आहे. येत्या मे महिन्यात त्यांच्या दोन झऱ्यांचे पाणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी भरायचे, हे या वेळी तेच ठरवणार आहेत.