ॲट द रेट कुठे गेलं?

पासवर्डात किमान एक स्पेशल कॅरेक्टर हवंच, हा नियम ज्याने काढला त्याला एकदा सांगलीत बसवून जर्मनीतल्या सर्व्हरवर लॉगिन करायला लावलं पाहिजे. विश्रामबागेत, दुपारी साडेबाराला. तिकडचा उन्हाळा असला की तेव्हा फ्रँकफुर्टला नऊ वाजलेले असतात, आणि रात्री बंद पडलेल्या मशीनचा पत्ता तिथल्या लोकांना नुकताच लागलेला असतो.

एरवी एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर शिरायच्या नेहमीच्या वाटेवर, काही कटकट नाही. आपण @ दाबलं की आपलाच लॅपटॉप त्याचं अक्षर करतो आणि तयार अक्षर पाठवतो. पण सर्व्हरचं नेटवर्कच गेलं, तर ब्राउझरमधून थेट त्याच्या कन्सोलवर, म्हणजे जणू त्याच्या स्वतःच्या स्क्रीन-कीबोर्डवर, जावं लागतं. तिथे बऱ्याचदा अक्षर जातच नाही. अमुक नंबरची कळ दाबली, एवढाच निरोप जातो. त्या कळीचं काय करायचं ते तिकडचं मशीन ठरवतं, आणि त्याच्यात कीबोर्डची मांडणी लावलेली असते जर्मन. मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यांना हे समजावायला नको: स्केल चेंजर पेटी सरकवली की बोट तिथंच, सूर भलताच.

शिफ्ट-दोन दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येतं. वाय आणि झेडची अदलाबदल. स्लॅश दाबावा तर डॅश, डॅश दाबावा तर एस्झेट नावाचं खास जर्मन अक्षर. व्हीआय या फाइल लिहायच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायला कोलन लागतो. ती कळ दाबली की डोक्यावर दोन टिंबं घेतलेला मोठा ओ उमटतो. टिंबं दोन हवी होती, दोन मिळाली, फक्त आडवी. @ हवं तर उजवा आल्ट आणि क्यू. महिरपी कंस सात आणि शून्यावर, चौकोनी आठ-नऊवर. पाईपचं, म्हणजे उभ्या दांडीच्या | चिन्हाचं, तर विचारूच नका. तो डाव्या शिफ्टशेजारच्या एका जादा कळीवर असतो. "अरे, ती कळच नाहीये माझ्याकडं!" असं आमचा मिरजेचा सहकारी फोनवर ओरडला, ते अगदी खरं होतं. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर त्या जागी नुसता लांबलचक शिफ्ट असतो.

या कंसांचं आणि जर्मनांचं वाकडं जुनं आहे. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर सात बिटांत लिहायचे त्या काळात चिन्हांना जागा १२८च. त्यांची टिंबवाली अक्षरं बसवायची कुठे? डीआयएन ६६००३ या जर्मन मानकाने कंस आणि पाईप उठवले आणि त्या खुर्च्या अक्षरांना दिल्या. @ च्या जागी § आलं. कंसांवाचून पान न हलणाऱ्या सी भाषेतला प्रोग्रॅम अशा स्क्रीनवर कसा दिसत असेल! म्हणून १९८९च्या सी मानकात ट्रायग्राफ, म्हणजे एका चिन्हाऐवजी तीन चिन्हं, आले: महिरपी कंसासाठी ??< लिहायचं. वाचणाऱ्याला वाटावं, प्रोग्रॅमरलाच शंका आहेत.

आपण तरी कुठे वेगळे? इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू राहिला आणि टर्मिनलवर फायलींची यादी मागायला एल-एस दाबलं की उमटतं 'ते'. मग लिनक्स गंभीरपणे सांगतं की 'ते' नावाची कमांड सापडली नाही. पण निदान ते डोळ्यांना दिसतं तरी. पासवर्ड दिसत नाही, खरी गोम तिथे आहे. म्हणून युजरनेमच्या जागी आधी फक्त चिन्हं दाबून बघावीत. अख्खा पासवर्ड तिथे टाकू नये, तो लॉगमध्ये जाऊन बसू शकतो. एकदा आत शिरलं की 'लोडकीज यूएस' ही कमांड देऊन कीबोर्ड अमेरिकन करायचा आणि सुटायचं. अर्थात त्यातला वाय झेडच्या कळीवर शोधून.

आता नवा पासवर्ड ठरवताना मी उद्गारचिन्ह, डॉलर आणि टक्का यांच्यापलीकडे जात नाही. अमेरिकन असो की जर्मन, ही तिन्ही जागची हलत नाहीत. पण पुढचं काम पॅरिसचं आहे म्हणे. तिथे ए आणि क्यूची अदलाबदल असते, आणि साधे आकडेसुद्धा शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाहीत.