पुलावरचा पाचवा हिस्सा

अकिंजींबद्दल वाचायला बसलं की आधी लुटालुटीच्याच गोष्टी हाती लागतात. मला त्यांची वही जास्त महत्त्वाची वाटते. ऑटोमन सुलतानाच्या या स्वारांना पगार नव्हता, पण नाव, बापाचं नाव आणि गाव दफ्तरात चढलेलं असे. दहा, शंभर, हजार स्वारांवर एकेक नायक, आणि सगळ्यांच्या वर मिहालोग्लू, तुराहानोग्लू अशी सरहद्दीवरची पिढीजात घराणी.

काम ठरलेलं. मुख्य फौजेच्या पुढे जायचं, उतार आणि पूल हेरायचे, शत्रूचा दाणागोटा जाळायचा, एखादा माणूस जिवंत धरून बातमी काढायची. हत्यार हलकं, शक्यतो जोडीला दुसरा घोडा. जाताना वाऱ्यासारखे, येताना कैदी आणि गुरं, म्हणजे चाल मंदावलेली. घात व्हायचा तो परतीच्याच वाटेवर. १५३२ मध्ये ऑस्ट्रियात कासिम बेची टोळी अशीच कापली गेली.

लुटीचा पाचवा हिस्सा सरकारचा. ऑक्टोबर १५९५ मध्ये वजीर सिनान पाशा वालाकियातून (आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग) माघार घेत जुर्जूला डॅन्यूब ओलांडत होता. मुख्य फौज पार झाली, अकिंजी मागे. पुलाच्या तोंडाशी कारकून हा हिस्सा मोजून घेत बसले आणि रांग तुंबली, असं बखरकार सांगतात. तेवढ्यात वालाकियाचा राजा मिहाई याच्या तोफांनी पूल फोडला. अलीकडे अडकलेले अकिंजी मारले गेले; ते दल पुन्हा उभं राहिलं नाही. पुढे हे काम बव्हंशी क्रिमियाच्या तातारांकडे गेलं. वसुलीचा हट्ट इतका महाग क्वचितच पडला असेल!

एकोणिसाव्या शतकातले बाशीबझूक, म्हणजे ऑटोमनांचे अनियमित सैनिक, वेगळे. त्यांना ना ती वही, ना ती घराणी. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, इंग्रजांनी दार्दानेल्सला त्यांचं रिसाला दल उभारलं, ते बीटसन या अधिकाऱ्याच्या हाताखाली. हा गडी आधी निजामाच्या रिसाल्यावर होता. तिथली पद्धत शिलेदारी: घोडा शिलेदाराचा, पगार सरकारचा. पगार चुकला की शिलेदार गावात शिरणार, हे मराठवाड्याला कुणी वेगळं सांगायला नको. दार्दानेल्सलाही दंगे झालेच, आणि वर्ष संपायच्या आत बीटसनला जावं लागलं.

१८७६ च्या बल्गेरियन उठावात तर वेळ त्याहून वाईट होती. नियमित पलटणी जवळ थोड्याच, म्हणून आसपासच्या गावांतल्या मुसलमानांनाच बाशीबझूक म्हणून हत्यारं देऊन पाठवलं. शेजाऱ्यावर शेजारी सोडला. बाताक या बल्गेरियन गावात झालेली कत्तल त्यातलीच.